हमीपत्रावर सही न केलेल्या आया

त्या आठवड्यात माझी झोप उडवली ती सात ओळींनी. सातही ओळी अगदी एकसारख्या: ‘हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.’

माझी मुलगी सान्वी, वय नऊ, इयत्ता चौथी ‘अ’, चित्रं रंगवायचा एक गेम खेळते. त्या गेममध्ये अनोळखी माणसांशी गप्पा मारायची सोय असते, हे मला त्या दिवशी कळलं. पलीकडे ‘पिंकी’ नावाची कुणीतरी होती, नावाखाली वय अकरा. पिंकीचं लिहिलेलं डिलीट, सान्वीचं लिहिलेलंही डिलीट. आठवी ओळ तेवढी पुसायची राहून गेली होती. पिंकीची. ‘आईला सांगू नको हां.’

मी सान्वीला विचारलं. ती म्हणाली, काही नाही. दुसऱ्या दिवशी जरा वेगळ्या शब्दांत विचारलं. म्हटलं ना, काही नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा तिने फोन उलटा ठेवला आणि मेथी निवडायला बसली. नऊ वर्षांची मुलगी आपण होऊन मेथी निवडायला बसली की आईने घाबरायचं असतं.

मी एम.ए., मानसशास्त्र. बाहेरून केलंय, पण केलंय. मानकोलीच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर बसते. कुठलं पार्सल कुठल्या रॅकवर आहे, कुठल्या ट्रकमध्ये चढलं, हे मी बसल्या जागी सांगते. आणि माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसलेल्या मुलीला कुणी काय म्हटलं, याचा मला पत्ता नव्हता. आता शोधायचं काय, तर त्या सात ओळींत काय होतं. आणि ते सांगणारं माणूस एकच. ते मेथी निवडत होतं.

नेमकं त्याच सुमारास सरकारनेही मुलांना ऑनलाइन धोक्यांपासून वाचवायचं मनावर घेतलं. वरचे मनावर घेतात आणि खाली आमच्यासारख्यांकडे किस्से साठत जातात. आमच्या गोदामात परत आलेली पार्सलं कशी एका कोपऱ्यात पडून असतात, कुणाला नको असतात आणि फेकताही येत नाहीत, तसेच. त्यातली काही इथे उघडते.

*

सुरुवात परिपत्रकाने झाली. मुलांच्या हातातला मोबाईल कमी करा, असं बजावणारं सहा पानी परिपत्रक. शाळेने ते पाठवलं कुठे? मोबाईलवर! वर्गाच्या ग्रुपवर, संध्याकाळी पाच वाजता. गृहपाठही त्याच ग्रुपवर त्याच वेळेला येतो, त्यामुळे पाच वाजता चौथी ‘अ’मधले झाडून सगळे फोन मुलांच्या हातात असतात.

म्हणजे परिपत्रक आधी वाचलं ते मुलांनी.

ग्रुपमधली रंजना कोन गावची. घरची भाजी घेऊन रोज सकाळी कल्याण गाठते, तिथून मुलीला न्यायला शाळेच्या फाटकाशी हजर. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, वाचलंस का गं?

“माझ्याकं कुठं फोन व्हता ताई? पोरीनं वाचून सांगितला.”

काय सांगितलं मग?

“बोलली, पानं सहा हायेत, पन कामाचा एकच हाय. आईनं जेवताना फोन बघायचा न्हाय.”

मी घरी येऊन परिपत्रक नीट वाचलं. पान चार, मुद्दा तीन. पोरीने बरोबर सांगितलं होतं.

*

मग कळलं की लहान मुलाला कुठलंही खातं उघडायचं असेल तर आता पालकाची संमती लागणार, आणि तीही पडताळून घेणार. मला फार बरं वाटलं. चला, कुणीतरी आपल्याला विचारणार!

पण आमच्या घरात ओटीपी खातं सान्वीकडे आहे. सिम सासूबाईंच्या नावावर, फोन सासूबाईंचा, पण त्यांचा चष्मा कायम देवघरात. गॅसचा सिलेंडर आला, “सान्वी, आकडे वाच गं.” पार्सल आलं, “सान्वी, आकडे.” विजेचं बिल, रेशनचं काहीबाही, सगळीकडे सान्वी. मी कामावर, नवऱ्याची फिरती शिफ्ट. पहिलीत असताना ती शंभरापर्यंतचे अंक शाळेत नाही, ओटीपीवर शिकली.

तर हे खातं उघडतानाच गेमने वय विचारलं होतं. सान्वीने आजीला विचारलं, “आजी, तुझं टाकू?” आजी म्हणाल्या, टाक. ओटीपी आला. सान्वीने वाचला, सान्वीने टाकला. पडताळणी पूर्ण.

हे कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला, तर सासूबाई मलाच म्हणाल्या, “मला विचारून टाकलंय तिने. तूच शिकवतेस ना, काही करायच्या आधी मोठ्या माणसांना विचारावं?”

तेव्हापासून सान्वी घोड्याला शिंग रंगवत असली की मधेच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात येते. पाठोपाठ कवळीची. तिने एकदा विचारलं, “आजी, तुझे गुडघे दुखतात हे यांना कुणी सांगितलं?” सासूबाईंना कंपनी फार आवडली. म्हणाल्या, निदान विचारपूस तरी करतात.

मला मात्र हसू येईना. कागदोपत्री पाहिलं तर पिंकी माझ्या अडुसष्ट वर्षांच्या सासूशी बोलत होती. ‘आईला सांगू नको हां’ हेही त्यांनाच सांगितलं होतं.

*

मग एम.ए. मानसशास्त्र कामाला लागलं. परिपत्रकात सल्ला होता की पालकांनी नियंत्रणाचं ॲप वापरावं. आईच्या फोनवर ‘पालक’, मुलाच्या फोनवर ‘पाल्य’. मी दोन्ही फोन घेऊन ओट्याशी उभी राहिले. एका बाजूला कुकर, एका बाजूला पोळी तव्यावर. दुपारी दोन ते पाच अभ्यास, त्या वेळेत फोन बंद, असं सगळं घालून टाकलं आणि पहिल्यांदाच शांत वाटलं.

दुसऱ्या दिवशी बरोबर दोन वाजता मानकोलीला नाशिकचा ट्रक दाराशी लागलेला, ड्रायव्हर कागद मागतोय, आणि माझा फोन बंद पडला. पडद्यावर एक हसरं घुबड. ‘आता अभ्यासाची वेळ! आणखी वेळ हवा असेल तर आईबाबांना विचारा.’

मी फोनांची अदलाबदल केली होती. पालक सासूबाईंचा फोन, पाल्य माझा.

सुपरवायझरचा फोन मागून घरी लावला. सान्वीनेच उचलला. तिला म्हटलं, आजीच्या फोनवर विनंती आली असेल, ‘हो’ दाब.

“आलीय. कशासाठी हवाय?”

कामासाठी.

“किती वेळ?”

माझ्या मागे ड्रायव्हर हॉर्न देतोय आणि मी नऊ वर्षांच्या मुलीला माझ्या कामाचं स्वरूप समजावून सांगतेय! शेवटी तिने मोठ्या मनाने वीस मिनिटं दिली आणि वर सांगितलं, मग बंद हं.

खोटं कशाला सांगू, सतराव्या मिनिटाला सुपरवायझर मागून आले तेव्हा मी फोन उलटा ठेवला. माझ्या पडद्यावर गाड्यांच्या यादीशिवाय काही नव्हतं. तरी ठेवला.

*

पुढच्या शनिवारी शाळेत जनजागृतीचा कार्यक्रम झाला. जिल्ह्याहून एक साहेब आले होते. बोलले छान, तयारीने. पडद्यावर एकामागून एक चित्रं. आई फोनवर बोलतेय आणि मूल एकटं. आई मालिका बघतेय आणि मूल एकटं. आई भरवताना मुलाच्या हातात मोबाईल देतेय. प्रत्येक चित्राखाली ठळक अक्षरांत ‘चूक’. मी मान खाली घालून मोजत होते, यातल्या किती माझ्या. भरवतानाची तर माझीच होती. सान्वी दोन वर्षांची असतानाची.

साहेबांनी विचारलं, कुणाचे काही प्रश्न?

आमच्या खालच्या मजल्यावरची शबनम उठली. तिच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच नवऱ्याचे कापड विणायचे लूम आहेत. त्या खडखडाटात संसार केल्यामुळे तिचा आवाज कायम एक पट्टी वर असतो.

“साहब, सब अच्छा था. बस वो बाप वाला स्लाइड कब आयेगा?”

साहेब म्हणाले, बाप वाला?

“हां. इतने फोटो में माँ ही माँ है. बाप का क्या, डबल ड्युटी लगी है?”

हॉलमध्ये मागच्या रांगेतून खसखस पिकली. साहेब भले गृहस्थ. रागावले नाहीत, स्वतः माऊस घेऊन चित्रं मागे-पुढे करत शोधू लागले. आम्हीही सगळ्या शोधू लागलो. शेवटी मालिका बघणाऱ्या आईच्या चित्रात, अगदी कोपऱ्यात, खिडकीपाशी सापडला. पेपर वाचत होता. त्याच्याखाली ‘चूक’ लिहिलेलं नव्हतं.

शबनम खाली बसली. “चलो, जिंदा तो है.”

*

कार्यक्रमानंतर आठवड्याभरात हमीपत्र आलं.

सभेला बोलावून आमच्या हातात एकेक कागद दिला. ‘माझ्या पाल्याने इंटरनेटवर कोणताही हानिकारक मजकूर पाहिल्यास, अथवा त्याच्याशी कोणी गैर हेतूने संपर्क साधल्यास, त्याची सर्वस्वी जबाबदारी माझी राहील.’ खाली रेघ. रेघेखाली छापलेलं: आईची सही. बापाच्या सहीला जागाच नव्हती.

मी सह्या करणारी बाई आहे. सहल, तपासणी, जंतांच्या गोळ्या, शाळेतून कागद आला की मी सही करते आणि मग वाचते. त्या दिवशीही पेन उघडलं होतं. ‘संपर्क साधल्यास’वर आलं आणि थांबलं. मी सही केली तर पिंकी माझी होणार होती. तिचं नाव काय, ती राहते कुठे, मला माहीत नाही, आणि जबाबदारी माझी.

पण मनात हेही आलं की सही टाळतेय ती तत्त्वासाठी, की माझं खरंच लक्ष नव्हतं म्हणून? याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. तरी मी उभी राहिले.

मुख्याध्यापिका मॅडमना म्हटलं, मी सही करणार नाही.

त्या म्हणाल्या, “अहो, वरून आलंय ते. सगळ्या शाळांना.”

“मग वर कळवा मॅडम. माझ्या मुलीशी बोलायला एक माणूस आलं. त्या माणसाला तिच्यापर्यंत गेमने आणून सोडलं. त्या दोघांची सही कुठे घेतलीय ते मला दाखवा. त्यांच्या खाली मी करते.”

बोलून गेले तेव्हा लक्षात आलं, ‘माझ्या मुलीशी’ म्हणाले. पिंकीबद्दल तोवर मी शबनमलाही सांगितलं नव्हतं. सगळ्या आया माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता पडद्यावरच्या चित्रासारखं माझ्याखाली ‘चूक’ उमटणार.

तेवढ्यात रंजना उठली. तिचं पेनही मिटलेलं होतं.

“म्याडम, आमच्या गावात बावडीला कठडा न्हाय. आमी धा वरसं मागतोय. उद्या पंचायत कठडा बांधायचा सोडून आमच्याकडून लिवून घेल का, पोर पडला तर आय जबाबदार? लक्ष आमी ठेवू. आमचीच पोरां हायेत. पन कठडा कोन बांधणार तां आधी सांगा.”

मॅडमनी ड्रॉवर उघडून एक कागद काढला. तसंच हमीपत्र, फक्त मोठ्या अक्षरांतलं. शाळेतल्या सगळ्या मुलांची जबाबदारी मुख्याध्यापकांची. त्यांची सही होऊन, शिक्का बसून तयार होतं. तोवर मला वाटायचं, मॅडमना कुणी काही करायला लावू शकत नाही.

शबनम म्हणाली, “भेजा नहीं है ना अभी? फाड़ दो.”

मॅडमनी फाडलं नाही. सव्वीस वर्षं नोकरी केलेली बाई कागद फाडत नाही. त्यांनी आमचे कोरे फॉर्म गोळा केले, त्यावर आपलाही ठेवला, सहीवर एक रेघ मारून, आणि वर पत्र जोडलं. आम्हाला वाचून दाखवलं: ‘गेम व ॲप चालवणाऱ्यांच्या सह्या प्रथम आवश्यक असल्याने सोबतचे अर्ज परत पाठवत आहोत. त्यांच्या सह्या झाल्यावर मातांच्या सह्यांसाठी पुन्हा पाठवावेत.’

अजून परत आलेले नाहीत.

*

ही बातमी सान्वीला माझ्याआधी कळली. शबनमची अल्फिया तिच्याच बाकावर बसते.

मी कणीक मळत होते. ती येऊन ओट्याला टेकली. तू सही का नाही केलीस, विचारलं. मी म्हटलं, त्यात लिहिलं होतं की कुणी तुला त्रास दिला तर चूक आपली. ती आपली नाही. माझी नाही आणि तुझी तर नाहीच नाही.

तिने पिठात बोट घालून एक गोल काढला. मग म्हणाली, “आई, पिंकी अकरा वर्षांची नाहीये.”

मी कणीक मळत राहिले. मानसशास्त्रातलं एवढं एकच मला वेळेवर आठवलं, की हात थांबवायचे नाहीत.

“तिने एकदा बोलून पाठवलं होतं. काकांचा आवाज होता.”

पुढे काही नाही. सात ओळी अजून तिच्याकडेच होत्या. पण बाहेर आली ती हीच एक गोष्ट आली, आणि मी पीठ भरल्या हाताने तिच्या बापाला फोन लावला.

तक्रारीचं पोर्टल आम्ही दोघांनी मिळून भरलं. एकेक रकाना, पुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संशयिताचं नाव? पिंकी. वय? माहीत नाही. पत्ता? लाल चांदणी. ‘माहीत नाही’ लिहिलं तर स्वीकारत नव्हतं, रिकामं सोडलं तरी स्वीकारत नव्हतं. नवरा म्हणाला, राहू दे, उद्या पोलीस ठाण्यावर जाऊन बघू. मी म्हटलं, नाही. आत्ताच.

आणि पत्ता लिहिला: आमच्या बैठकीच्या खोलीत, सोफ्याचा डावा कोपरा.

स्वीकारला.

*

तीन दिवसांनी ठाण्यावरून फोन आला, मुलीचा जबाब घ्यायला महिला अधिकारी घरी येतील. मुलांना ठाण्यावर बोलावत नाहीत म्हणे. सासूबाईंनी चांगले कप काढले आणि सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलं. अकरा वाजता पिवळ्या कुर्त्यातली एक बाई आली, खांद्याला कापडी पिशवी, चपला दाराशी काढून आत. सासूबाईंनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, तुमच्या मॅडम कधी येणार? ती म्हणाली, मीच. वर्दीत यायचं नसतं, मुलं बिचकतात. सासूबाई इतक्या हिरमुसल्या की चहात साखर घालायला विसरल्या.

तोवर बातमी खाली पोचलीच होती. शबनम वर आली आणि दाराशी उभी राहिली. नवरा सुट्टी घेऊन घरी. सासूबाई खुर्चीत. मी स्वयंपाकघराच्या चौकटीत, कारण मला कुठे उभं राहायचं कळत नव्हतं. मला कळत होतं ते एवढंच, की आज ती बोलली नाही तर ते सात मेसेज तिच्या पोटात कायमचे राहणार.

पोलीस मॅडमनी वही काढली नाही. सान्वीला आधी तिचं चित्र दाखवायला सांगितलं. बघितलं. मग म्हणाल्या, “सान्वी, आपल्याकडे एक नियम आहे. तू बोलत असताना तुझा ज्याच्यावर विश्वास आहे, असं एक माणूस तुझ्याशेजारी बसू शकतं. बाकीचे बाहेर जातील. आईच पाहिजे असं काही नाही. आजी चालेल, बाबा चालतील, या मावशी चालतील. नकोच कुणी, तरी चालेल. तू सांगशील तसं.”

एवढी गर्दी असूनही खालच्या लूमचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. सान्वीने आजीकडे बघितलं. बाबाकडे बघितलं. शबनमकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं तेव्हा मी फरशीकडे बघायला लागले. मेथीच्या दिवसापासूनचा माझा प्रत्येक प्रश्न मला आठवत होता. मी कुठल्या आवाजात विचारला होता, तेही.

“आई बसू दे,” ती म्हणाली. “पण तिला आधीच सांगा, मधे मधे बोलायचं नाही. मला पहिल्यापासून सांगायचंय.”